अंतराळांतील कारखानदारी : एक ऐतिहासिक विचार

कारखाना म्हटला म्हणजे भक्कम पाया, जड यंत्रें, धुराडीं आणि मजुरांची वर्दळ हें चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. ज्या ठिकाणीं पाय ठेवावयास भूमि नाहीं, श्वास घ्यावयास वायु नाहीं आणि ओतलेलें पाणी खालींहि पडत नाहीं, अशा ठिकाणीं कारखाना काढण्याची कल्पना प्रथम ऐकणारास त्रिशंकूच्या स्वर्गासारखी वाटावी, ह्यांत नवल नाहीं. परंतु गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत ही कल्पना अनेकदां प्रयोगास लावली गेली आहे. तिच्यापायीं मोठमोठ्या कंपन्यांनीं भांडवल घातलें. कांहींनीं तें गमावलें, आणि कांहींस अनपेक्षित लाभहि झाला. आतां आपल्या देशांतहि खाजगी उद्योगांस अंतराळाचें दार उघडलें असल्यामुळें त्या दारांतून कोणत्या तयारीनें आंत जावें, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहिलेला नाहीं. त्याचें उत्तर यंत्रशास्त्राच्या ग्रंथांपेक्षां इतिहासांत अधिक स्पष्ट सांपडतें, असें आम्हांस वाटतें. म्हणून तो इतिहास येथें थोडक्यांत मांडण्याचें योजिलें आहे.

ह्या इतिहासाचा आरंभ अंतराळांत नसून इंग्लंडांतील ब्रिस्टल शहरांतल्या एका घरांत आहे. बंदुकीचे छरे पूर्वीं साच्यांत ओतून करीत. काम किचकट असे आणि छरे सर्वांगीं सारखे गोल होत नसत. विल्यम वॅट्स नांवाच्या, शिशाचें नळकाम करणाऱ्या एका कारागिरानें १७८२ सालीं नव्या रीतीचें पेटंट घेतलें. त्यानें आपल्या घरावर मनोरा चढविला, आणि वितळलेलें शिसें चाळणीसारख्या भोंकें पाडलेल्या भांड्यांतून त्या उंचीवरून खालच्या पाण्यांत सोडलें. पडत असतां शिशाच्या थेंबास स्वतःचें वजन जणूं उरतच नाहीं. द्रवाच्या पृष्ठभागास आकुंचन पावण्याची जी स्वाभाविक ओढ असते तिला मग कांहीं अडथळा राहत नाहीं, आणि थेंब आपोआप गोल होतो. पाण्यास लागेपर्यंत तो पुष्कळसा थिजलेला असतो, म्हणून त्याचा गोलपणा टिकतो. पुढें युरोपांत व अमेरिकेंत ठिकठिकाणीं असे मनोरे उभे राहिले. क्षणभराच्या भारहीनतेचा उपयोग करून बाजारांत विकण्याजोगा माल काढण्याचा हा प्रसिद्ध असा पहिला यत्न होय. मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. वॅट्सला भारहीनता नको होती, त्याला छरे हवे होते; आणि छऱ्यांचें गिऱ्हाईक त्याच्या दारापाशीं उभें होतें. पुढील काळांत ह्या साध्या गोष्टीचा पुष्कळांस विसर पडला.

आतां अंतराळांत निराळें काय घडतें तें पाहूं. पृथ्वीपासून सुमारें ४०० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या स्थानकांत गुरुत्वाकर्षण नाहींसें होतें, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाहीं. त्या उंचीवरहि पृथ्वीची ओढ भूपृष्ठावरील ओढीच्या सुमारें नऊ-दशांश इतकी असते. परंतु तें स्थानक ताशीं सुमारें २८,००० किलोमीटर वेगानें आडवें धांवत असल्यामुळें तें पृथ्वीकडे पडत असूनहि पृथ्वीच्या वांकाबरोबर सतत तिच्या भोवतीं पडत राहतें. म्हणजे वॅट्सच्या मनोऱ्यांत जें पडणें दोन-तीन सेकंदांत संपत असे, तें येथें वर्षानुवर्षें चालूं राहतें. ह्या अखंड पडण्यांत पदार्थांच्या वागणुकींत तीन मोठे फरक होतात. तापलेला द्रव वर चढत नाहीं व थंड झालेला खालीं उतरत नाहीं. म्हणून वितळलेल्या पदार्थांतील नेहमींची खळबळ थांबते. जड कण तळाशीं बसत नाहींत व हलके वर तरंगत नाहींत. म्हणून भिन्न वजनांचीं द्रव्यें सारखीं मिसळून राहतात. आणि द्रव पदार्थास धरून ठेवण्यास भांडें लागतेंच असें नाहीं; त्यामुळें भांड्याच्या स्पर्शानें येणारी अशुद्धि टळते. शुद्ध स्फटिक, सारखे मिश्रधातु, निर्दोष कांच आणि नाजूक औषधें ह्यांच्या कारखानदारीस ही परिस्थिति अनुकूल असावी, हें अनुमान ह्यावरून सहज निघतें.

अनुमानाची परीक्षा १९६९ सालापासून सुरू झाली. त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत सोयूझ-६ ह्या सोविएट यानांत वालेरी कुबासोव्ह ह्यानें कीव येथील पॅटन संस्थेनें बनविलेल्या ‘वुल्कान’ नांवाच्या यंत्राच्या योगें वेल्डिंगचे प्रयोग केले. अंतराळांत मनुष्यानें धातु वितळविल्याची ही पहिली वेळ. १९७१ सालीं चंद्राकडे गेलेल्या अपोलो-१४ च्या प्रवासांत लहान लहान प्रयोग झाले. १९७३ च्या मे महिन्यांत अमेरिकेनें ‘स्कायलॅब’ हें स्थानक वर पाठविलें, त्यांत धातु वितळविण्याची भट्टी होती व तिच्यांत स्फटिक वाढविण्यांत आले. १९७५ च्या जुलैंत अमेरिकन व सोविएट यानें अंतराळांत एकमेकांस जोडलीं गेलीं, तेव्हां मूत्रपिंडाच्या पेशी विजेच्या साहाय्यानें वेगळ्या करून पाहण्यांत आल्या. हे सर्व प्रयोग सरकारी खर्चानें झाले. त्यांतून ज्ञान पुष्कळ मिळालें. परंतु पदरचा पैसा घालून तो माल विकत घेणारा कोणी पुढें आलेला नव्हता. प्रयोगशाळा आणि कारखाना ह्यांतील अंतर तें हेंच.

तें अंतर प्रथम एका अगदीं क्षुद्र दिसणाऱ्या वस्तूनें ओलांडलें. अमेरिकेंतील लीहाय विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ जॉन व्हँडरहॉफ ह्यांना पॉलिस्टायरीन नांवाच्या द्रव्याच्या सूक्ष्म गोळ्या एकजात एकाच आकाराच्या करावयाच्या होत्या. सूक्ष्मदर्शक यंत्रें व कण मोजण्याचीं यंत्रें बरोबर आहेत कीं नाहींत, हें पाहण्यास अशा गोळ्या मापासारख्या उपयोगीं पडतात. भूमीवर त्या गोळ्या थोड्या मोठ्या होऊं लागल्या कीं कांहीं तरंगत, कांहीं बसत; आणि बसूं नयेत म्हणून ढवळावें तर एकमेकींस चिकटत. ही अडचण भारहीनतेंत राहत नाहीं. १९८२ च्या मार्चांतील तिसऱ्या शटल-उड्डाणांत ह्या कामाचें यंत्र प्रथम गेलें. पुढील उड्डाणांत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतक्या व्यासाच्या गोळ्या तयार झाल्या, आणि १९८५ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाणमापन-संस्थेनें त्या कुप्यांत भरून विकावयास काढल्या. अंतराळांत तयार होऊन विकला गेलेला पहिला माल तो हा.

पण ह्याच हकीकतीस दुसरी बाजू आहे. नॉर्वेमधील ट्रॉन्डहाइम येथील प्राध्यापक जॉन उगेल्स्टाड ह्यांनीं १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत एक निराळीच युक्ति शोधून काढली होती. लहान गोळ्यांस प्रथम असें फुगवावयाचें कीं त्या मूळ द्रव्य भराभर शोषून घेतील, अशी त्यांची दोन टप्प्यांची कृति होती. तिनें एकाच आकाराच्या गोळ्या भूमीवरच, साध्या प्रयोगशाळेंत, हव्या तितक्या होऊं लागल्या. पुढें त्या गोळ्यांच्या पोटांत लोहाचे सूक्ष्म कण भरून त्या चुंबकानें ओढल्या जातील अशा केल्या गेल्या, आणि रोगनिदानाच्या व जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत त्यांचा मोठा उद्योग उभा राहिला. अंतराळांतील गोळ्या एका लहानशा गिऱ्हाइकीपुरत्या उरल्या. नॉर्वेच्या गोळ्या जगभर गेल्या.

हा योगायोग म्हणावा, तर ह्याच सुमारास घडलेली दुसरी हकीकत त्याहून मोठी व अधिक बोधप्रद आहे. सेंट लुईस येथील मॅक्डॉनेल डग्लस ही विमानें बांधणारी विख्यात कंपनी. १९८० च्या जानेवारींत तिनें ‘नासा’ ह्या सरकारी संस्थेशीं करार केला. कंपनीनें यंत्र स्वखर्चानें बनवावें, सरकारनें तें प्रयोगापुरतें विनामूल्य वर न्यावें, आणि जें साधेल त्यावर कंपनीचा हक्क राहावा, असें त्याचें सामान्य स्वरूप होतें. औषधांच्या बाजूनें जॉन्सन अँड जॉन्सन ह्या कंपनीच्या ऑर्थो नांवाच्या शाखेनें भागी घेतली. यंत्राचें तत्त्व असें कीं, वाहत्या द्रावणांत आडवा विजेचा दाब लावला असतां निरनिराळीं द्रव्यें निरनिराळ्या वेगानें बाजूला ओढलीं जातात व त्यांचे वेगवेगळे प्रवाह काढून घेतां येतात. भूमीवर विजेनें द्रव तापतो, त्यांत खळबळ उडते, आणि वेगळें झालेलें पुन्हा मिसळतें. म्हणून द्रावण फार पातळ ठेवावें लागतें आणि माल अत्यल्प निघतो. अंतराळांत त्याच यंत्रानें भूमीवरच्यापेक्षां शेंकडों पट अधिक द्रव्य वेगळें केलें, व तें अधिक शुद्ध होतें.

कोणतें औषध काढावयाचें तें कंपन्यांनीं पुष्कळ काळ गुप्त ठेविलें होतें. तें एरिथ्रोपोएटिन होतें. निरोगी मनुष्याचें मूत्रपिंड हें द्रव्य रक्तांत सोडतें आणि त्याच्या आज्ञेनें हाडांतील मगज तांबड्या रक्तपेशी तयार करतो. ज्यांचीं मूत्रपिंडें निकामी झालीं त्यांच्या शरीरांत तें तयार होत नाहीं. ते पांढरे फटफटीत पडतात, चार पायऱ्या चढतां धापा टाकतात, आणि इतरांच्या रक्तावर दिवस काढतात. ज्या घरांत असा रोगी असेल त्या घरास ह्या औषधाचें मोल सांगावयास नको. म्हणजे गिऱ्हाईक होतें, गरज खरी होती, आणि भारहीनतेचा लाभहि खरा होता. यंत्र १९८२ च्या उन्हाळ्यांत प्रथम वर गेलें. १९८४ च्या ऑगस्टअखेर तर कंपनीचा स्वतःचा यंत्रज्ञ चार्ल्स वॉकर हाच शटलमधून गेला. सरकारी नोकर नसून एखाद्या उद्योगाच्या कामासाठीं अंतराळांत गेलेला हा पहिला मनुष्य. १९८५ च्या एप्रिलांत व नोव्हेंबरांत तो पुन्हा गेला. अडचणीहि आल्या. पहिल्या खेपेस काढलेला माल जंतुजन्य विषानें दूषित निघाला. पण अशा अडचणी कोणत्याहि नव्या धंद्यांत येतातच.

घात झाला तो दुसऱ्याच बाजूनें. कॅलिफोर्नियांतील अ‍ॅम्जेन नांवाच्या एका तरुण कंपनींत फू-कुएन लिन ह्या शास्त्रज्ञानें १९८३ सालीं मनुष्याच्या शरीरांत हें द्रव्य घडविणारा जीन वेगळा काढला होता. तो जीन दुसऱ्या प्राण्याच्या पेशींत बसविला कीं त्या पेशी भांड्यांत वाढतां वाढतां तेंच द्रव्य तयार करूं लागत. ज्या वस्तूचा कण कण गाळून काढण्यासाठीं आकाशांत जावयाचें, ती वस्तु भूमीवर जणूं आंबोणासारखी वाढवितां येऊं लागली. १९८५ सालीं ऑर्थोनें अ‍ॅम्जेनशीं करार केला आणि अंतराळाच्या उद्योगांतून अंग काढून घेतलें. मॅक्डॉनेल डग्लसनें दुसरा भागीदार मिळविला व मोठें यंत्र वर नेण्याची तयारी चालविली. तोंच १९८६ च्या जानेवारीच्या २८ तारखेस चॅलेंजर शटल उड्डाणानंतर सव्वा मिनिटाच्या आंत आकाशांत फुटलें आणि त्यांतील सातहि जण मृत्यु पावले. शटलचीं उड्डाणें १९८८ च्या सप्टेंबरअखेरपर्यंत बंद राहिलीं. मोठें यंत्र वर गेलें नाहीं तें नाहींच. अ‍ॅम्जेनच्या औषधास १९८९ च्या जूनमध्यें अमेरिकन सरकारची परवानगी मिळाली, आणि पुढें तें जगांतील अत्यंत खपाच्या औषधांत गणलें गेलें.

ह्या हकीकतीचा दोष चॅलेंजरच्या अपघातावर टाकण्याची रीत आहे. परंतु कालक्रम पाहिला तर तसें म्हणतां येत नाहीं. औषधाच्या कंपनीनें अपघातापूर्वींच पाठ फिरविली होती. यंत्र फसलें असेंहि नाहीं. त्यानें कबूल केलेलें काम केलें. चूक होती ती प्रतिस्पर्धी ओळखण्यांत. विमानाच्या कंपनीनें आपल्या यंत्राची तुलना भूमीवरील त्याच प्रकारच्या यंत्राशीं केली, आणि तींत तें शेंकडों पटींनीं सरस ठरलें. परंतु रोग्यास यंत्राशीं कर्तव्य नसतें, औषधाशीं असतें. आणि तें औषध सर्वस्वीं भिन्न मार्गानें येत होतें. अंतराळांतील कारखान्याचा खरा प्रतिस्पर्धी दुसरा अंतराळांतील कारखाना नव्हे, तर भूमीवर त्याच प्रश्नास हात घालून बसलेला एखादा अज्ञात मनुष्य होय. तो स्वस्तांत काम करतो, चुकला तर दुसऱ्याच दिवशीं पुन्हा प्रयोग करतो. अंतराळांतल्याला मात्र पुढील उड्डाणाची महिनोंमहिने वाट पाहावी लागते. शटल दरवर्षीं कित्येक डझन वेळां उडेल, ह्या आरंभींच्या अपेक्षेवर पुष्कळांनीं आपले हिशेब बांधले होते. प्रत्यक्षांत सर्वांत भरभराटीच्या १९८५ सालीं नऊ उड्डाणें झालीं, आणि १९८१ पासून २०११ पर्यंतच्या तीस वर्षांत सारीं मिळून १३५. दुसऱ्याच्या एकाच वाहनावर आपला सर्व धंदा टांगून ठेवणारास त्या वाहनाच्या भाग्याचा वांटेकरी व्हावें लागतें, हा त्यांतून निघणारा दुसरा धडा.

ह्यानंतरच्या काळांत दोन गोष्टींनीं परिस्थिति पालटली. पहिली, १९९८ च्या नोव्हेंबरापासून बांधूं लागलेलें आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक. २००० च्या नोव्हेंबरापासून तेथें मनुष्यवस्ती अखंड आहे, त्यामुळें आठ-दहा दिवसांचे प्रयोग महिनोंमहिने चालवितां येऊं लागले. दुसरी, २०१५ च्या डिसेंबरांत स्पेस-एक्स कंपनीच्या अग्निबाणाचा पहिला टप्पा माल पोहोंचवून उभाच्या उभा भूमीवर परत उतरला आणि २०१७ च्या मार्चांत असा एक टप्पा पुन्हा उडविला गेला. त्यामुळें वर जाण्याचा खर्च उतरला व फेऱ्या वाढल्या.

ह्या नव्या पर्वांत उद्योगाचे दोन निरनिराळे प्रकार दिसूं लागले. अंतराळांतच लागणारी वस्तु अंतराळांत बनवावयाची, हा एक. २०१४ च्या नोव्हेंबरांत ‘मेड इन स्पेस’ कंपनीच्या यंत्रानें स्थानकांत प्लॅस्टिकचे थरावर थर घालून वस्तु बनविली. पुढच्याच महिन्यांत एका पान्याचा आराखडा भूमीवरून संदेशानें धाडला गेला आणि पाना वर तयार झाला. येथें भूमीवरील प्रतिस्पर्धी आपोआप मागें पडतो, कारण तेथला स्वस्त पानाहि वर न्यावयाचा खर्च महाग असतो. भूमीवर विकावयाची वस्तु वर बनवावयाची, हा दुसरा प्रकार. आणि पूर्वीची परीक्षा ह्यालाच अधिक लागूं पडते. १९७४-७५ च्या सुमारास फ्रान्समधील रेन विद्यापीठांत सांपडलेल्या एका फ्लोराइड कांचेचे तंतु भूमीवर ओढतांना त्यांत सूक्ष्म स्फटिक पडतात व प्रकाश अडतो. भारहीनतेंत ते कमी पडतात. २०२४ च्या प्रारंभीं स्थानकांत असा तंतु अकरा किलोमीटरांहून अधिक लांबीचा ओढण्यांत आला. वजनानें हलका, किंमतीनें भारी आणि भारहीनतेचा प्रत्यक्ष ऋणी, अशी ही वस्तु आहे. तरी तिचें भवितव्य भूमीवरील कांचकारांच्या पुढच्या युक्तीवर अवलंबून राहणार, हें विसरतां येत नाहीं.

परंतु अंतराळापासून लाभ करून घेण्याचा तिसराहि एक मार्ग आहे, आणि आमच्या मतें तोच आजवर अधिक किफायतशीर ठरला आहे. मर्क कंपनीनें कर्करोगावरील पेम्ब्रोलिझुमॅब ह्या औषधाचे स्फटिक २०१७ सालीं स्थानकांत तयार करून पाहिले. हें औषध शिरेंतून हळूहळू द्यावें लागे. त्याचे बारीक व सारखे स्फटिक झाले तर तें साध्या सुईनें टोंचतां येईल, अशी आशा होती. २०१९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले: भूमीवरील स्फटिक लहान व मोठे अशा दोन जातींचे झाले, अंतराळांतील मात्र एकसारखे. आतां ह्यावरून कंपनीनें आकाशांत कारखाना काढण्याचा घाट घातला नाहीं. स्फटिक तळाशीं बसतात म्हणून दोष येतो, हें कळल्यावर ते बसूं नयेत अशा रीतीनें फिरविणारीं यंत्रें तिनें भूमीवरच वापरून पाहिलीं. म्हणजे येथें अंतराळ हा कारखाना झाला नाहीं, गुरु झाला. आणि गुरूकडून विद्या शिकून शिष्य घरीं परतला.

ज्यांस खरोखर कारखानाच काढावयाचा आहे त्यांच्यापुढेंहि निराळी अडचण उभी राहते. १९९६ सालीं बाजारांत आलेलें रिटोनाविर हें एड्सवरील औषध प्रसिद्ध आहे. त्याच विटांनीं निराळी भिंत रचावी, त्याप्रमाणें एकाच द्रव्याचे रेणु निरनिराळ्या रीतींनीं रचून निरनिराळे स्फटिक होतात. १९९८ सालीं रिटोनाविरचा असा एक नवा, कमी विरघळणारा स्फटिक अकस्मात् उद्भवला, आणि त्या औषधाच्या कुप्या बाजारांतून मागें घेऊन नवी कृति शोधावी लागली. स्फटिकाच्या रचनेवर औषधाचा गुण किती अवलंबून असतो, हें त्यावरून कळून आलें. वार्डा नांवाच्या अमेरिकन कंपनीनें ह्याच औषधाची निवड करून २०२३ च्या जूनच्या १२ तारखेस एक लहानसें स्वयंचलित यान वर पाठविलें. स्फटिकाचें काम थोड्याच दिवसांत आटोपलें. परंतु यान खालीं उतरविण्याची परवानगी मिळेना! उतरण्याची जागा लष्कराची, परवाना विमानखात्याचा, आणि खाजगी उद्योगाचा माल अशा रीतीनें आकाशांतून भूमीवर आणण्याचे नियम नवे. शेवटीं २०२४ च्या फेब्रुवारीच्या २१ तारखेस, आठ महिन्यांनीं, तो माल युटाह प्रांतांत उतरला, आणि पाहिजे तो स्फटिक शाबूत मिळाला. कंपनीनें मग आपलें दुसरें यान २०२५ च्या फेब्रुवारींत दक्षिण ऑस्ट्रेलियांत उतरविलें. भट्टीच्या तापमानाइतकीच सरकारी शिक्क्याचीहि तयारी आधीं करावी लागते, हें ह्या प्रसंगानें सर्वांस शिकविलें.

आतां आपल्या देशाकडे वळूं. अंतराळांत वस्तु बनवून ती परत आणण्याचा प्रयोग भारतानेंहि केला आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या स्मरणांत नसेल. २००७ च्या जानेवारीच्या १० तारखेस श्रीहरिकोट्याहून इस्रोनें सुमारें ५५० किलोग्रॅम वजनाची एक कुपी कक्षेंत पाठविली. तींत धातु वितळवून स्फटिक करण्याचा व अतिसूक्ष्म स्फटिक घडविण्याचा, असे दोन प्रयोग होते. बारा दिवसांनीं, २२ जानेवारीस, ती बंगालच्या उपसागरांत सुखरूप उतरली. त्यानंतर २०२० सालीं खाजगी उद्योगांस अंतराळाचें क्षेत्र खुलें करण्याचा निर्णय जाहीर झाला आणि २०२३ च्या एप्रिलांत तद्विषयक धोरणहि प्रसिद्ध झालें. अग्निबाणाचा शेवटचा टप्पा पूर्वीं वायां जात असे. तोच आतां प्रयोगशाळेसारखा वापरतात. २०२४ च्या डिसेंबरअखेर वर गेलेल्या अशा टप्प्यावर चवळीच्या बियांस अंकुर फुटल्याची वार्ता आपण वाचलीच आहे. मात्र त्या टप्प्यावरून माल परत येत नाहीं. आणि जो कारखाना माल घरीं पोहोंचवीत नाहीं तो प्रयोगशाळाच राहतो.

पण तयारी म्हणजे केवळ वर जाणें नव्हे. महाराष्ट्रांतील दोन उदाहरणें येथें सांगण्यासारखीं आहेत. शेठ वालचंद हिराचंद ह्यांनीं नीरेच्या कांठीं वसविलेल्या वालचंदनगरांत साखर-कारखान्यांचीं यंत्रें बनत. १९७० नंतरच्या दशकापासून तेथेंच इस्रोच्या अग्निबाणांचीं भक्कम वेष्टनें बनूं लागलीं. कुलपें व तिजोऱ्या करण्यापासून आरंभ केलेल्या गोदरेजांच्या विक्रोळी येथील कारखान्यानें ‘विकास’ नांवाचें अग्निबाणाचें इंजिन घडविण्याचें काम अंगावर घेतलें. ह्या दोघांनीं आकाशांत कांहींच बनविलें नाहीं. परंतु केसभर चूक खपत नाहीं, प्रत्येक सांध्याची नोंद ठेवावी लागते, आणि एका सदोष तुकड्यानें साऱ्या देशाचें काम बुडतें, ही शिस्त त्यांच्या कामगारांच्या हातांत बसली. जो उद्योग उद्यां अंतराळांत जाईल त्यास ही शिस्त उसनी आणतां येणार नाहीं.

तेव्हां इतिहासावरून निघणारी तयारी आम्हांस पुढीलप्रमाणें दिसते. प्रथम विकावयाची वस्तु व तिचा गिऱ्हाईक निश्चित करावा, आणि मगच ती अंतराळांत करावी कीं काय हें ठरवावें. उलट क्रमानें जाणारे बहुतेक फसले आहेत. दुसरें, भूमीवरील सर्व मार्ग आधीं संपवावे. जर्मनींतील ब्रेमेन येथें १४६ मीटर उंचीचा मनोरा आहे. त्यांतील निर्वात नळींतून सोडलेली कुपी पावणेपांच सेकंद भारहीन राहते, आणि पुष्कळ कल्पनांचा खरेपणा तेवढ्या वेळांत कळतो. वॅट्सचा मनोरा अशा रीतीनें अद्याप कामास येत आहे. तिसरें, वस्तु अशी असावी कीं तिचें वजन थोडें व मोल फार, कारण जाण्या-येण्याचें भाडें वजनावर पडतें. चौथें, परत येण्याचा मार्ग, परवाना, विमा व करार हीं यानाच्या आधीं सिद्ध असावीं, आणि वाहन एकच नसावें. आंतरराष्ट्रीय स्थानकहि २०३० च्या सुमारास निवृत्त करण्याचा बेत असल्यामुळें ही खबरदारी विशेष अगत्याची आहे. पांचवें, आपल्याच प्रश्नावर भूमीवर कोण काम करीत आहे ह्याची बातमी ठेवण्यास एक माणूस कायमचा नेमावा. मॅक्डॉनेल डग्लसच्या यंत्रज्ञांइतकाच तो उपयोगी पडला असता.

आणि शेवटीं, अंतराळांत मिळालेलें ज्ञान भूमीवर वापरतां आलें तर त्यांत कमीपणा मानूं नये. त्या रक्तक्षीण रोग्यांस औषध मिळालें. तें आकाशांतून आलें नाहीं म्हणून त्यांचें कांहीं अडलें नाहीं. चार्ल्स वॉकरच्या तीन प्रवासांचे श्रम व्यर्थ गेले असेंहि आम्ही म्हणणार नाहीं. कोणत्या वाटेनें जाऊं नये, हें त्यांच्यामुळें कळलें, आणि आज नवी कंपनी काढणारास तें फुकट शिकतां येतें. आपले तरुण उद्योजक ह्या क्षेत्रांत शिरत आहेत, त्यांत घरोघरींची बचत भांडवल म्हणून लागणार आहे. ती लावण्यापूर्वीं त्यांनीं व त्यांस पैसा देणारांनीं ही जुनी खातेवही एकदां उघडून पाहावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.